मडमेची डबी

लहानी जाऊ लग्न होऊन आमच्या मेहकरच्या घरात आली, त्या दिवशी तिच्या ट्रंकेतून काय काय निघालं ते मला आजही पाठ आहे. मी दाराच्या चौकटीला टेकून सगळं पाहत होते. गेले होते मदत करायला, पण नजर काही ट्रंकेतून वर येईना. पातळं निघाली, जम्पर निघाले, स्नोची बाटली निघाली. आणि सगळ्यात तळाशी, पोलक्यात गुंडाळलेली एक गोल सोनेरी डबी. तळहातात मावेल एवढी. झाकणावर फुलांची नक्षी, कडेकडेनं सोनं उडून खालचं पितळ दिसत होतं. तिनं अंगठ्यानं एका ठिकाणी दाबलं आणि डबी टक्कन उघडली. वरच्या झाकणात आरसा, खाली पावडर.

हे काय व, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, पावडरची डबी, मडमेची. तिचे वडील अमरावतीला कंपाउंडर. इंग्रजांच्या काळात तिथं एक गोरा डॉक्टर होता, तो आपल्या देशात परत जायला निघाला तेव्हा त्याच्या बायकोनं ही डबी हिच्या आईला दिली. आईला तिचं काय करावं ते कळलं नाही. तिनं वर्षानुवर्षं त्यात टाचण्या आणि बटणं ठेवली. मग ही मोठी झाली, तिनं बटणं ओतून टाकली, डबी चिंचेनं घासली आणि पावडरीसाठी वापरायला काढली. म्हणजे माझ्यापेक्षाही वयानं मोठी डबी आणि वापरणार ही नवी नवरी. मी तोंडानं छान आहे म्हटलं. मनातलं माझं मला माहीत.

माझं का दुखलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका डबीसाठी बाई एवढी जळते काय.

मी सुलतानपूरची. घरी मळा, भाजीपाला. मला या दुकानदाराच्या घरात करून आणली ती माझ्या गोऱ्या रंगावर. लग्नानंतर पहिल्याच भाद्रपदात घरी महालक्ष्म्यांचं हळदीकुंकू होतं. मोठ्या बहिणीनं मला निघताना पावडरचा एक डबा दिला होता, त्यातली थोडी मी तोंडाला लावली आणि बायकांमध्ये येऊन बसले. सासूबाईंनी पाहिलं. हातातलं कुंकवाचं ताट खाली ठेवलं, माझ्यापाशी आल्या, आणि पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं. लहान लेकराचं नाक पुसतात ना, तसं. म्हणाल्या, "आपल्या घरच्या बाया तोंडाले पीठ लावत नाहीत." साऱ्या गल्लीच्या बायका हसल्या. माझ्या पावडरीचा डबा नंतर पोरांच्या घामोळ्यांना लागला. त्या दिवसापासून मी कुंकू लावलं, डोक्याला तेल लावलं, दुसरं काही नाही. पोरं झाली, घर माझ्या अंगवळणी पडलं, पण त्या पदराची खरबरीत जरीची कड अजून गालावर होती.

आणि आता ही लहानी. रोज सकाळी न्हाऊन आली की खिडकीपाशी बसायची. आधी बोटाच्या टोकावर जरासा स्नो, तो कपाळावर, गालांवर, हनुवटीवर ठिपक्या ठिपक्यांनी लावून मुरवायचा. मग डबी उघडायची. टक्. फलालीन कापून शिवलेलं छोटं गोल फडकं पावडरीवरून एकदा फिरवायचं, फुंकर मारायची, आणि तोंडावर घासायचं नाही, नुसतं थापायचं. मग काजळ, मग मेणावर कुंकू. मग परत टक्. घरभर तो आवाज ऐकू जायचा, निदान मला तरी जायचा.

पहिल्या दिवशी मी चुलीपाशी भाकरी टाकत होते आणि माझं सारं लक्ष सासूबाईंकडे होतं. आता उठतील, मग उठतील, पदर हातात घेतील. वाट पाहत होते म्हणा ना. लहानी येऊन पाया पडली. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, पोरगी उजळ दिसते. झालं. एवढंच. माझी तव्यावरची भाकर करपली, आणि त्याची बोलणी मात्र मलाच बसली.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी गोरी, मला लावू दिली नाही. ती सावळी, तिचं कौतुक! बरं, सासूबाईंना जाऊन विचारायची सोय होती का? विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, आता जमाना बदलला. माझ्याच वेळी मेला तो जमाना कुठं मुक्कामाला होता, कोण जाणे.

त्या डबीतली पावडर ती स्वतः करायची. मडमेची पावडर कधीच संपली होती, आणि तशा दाबलेल्या पावडरीच्या वड्या आमच्याकडच्या दुकानात कोण ठेवतो. दुपारी सगळी निजानीज झाली की ती डब्यातली साधी पावडर मलमलीतून गाळायची. तिच्यात चिमूटभर हळद आणि नखभर गेरू. ही गोष्ट मात्र तिची तिलाच सुचलेली. त्यानं पावडर तिच्या रंगाला मिळून यायची, पीठ फासल्यासारखी दिसायची नाही. मग थेंबभर ग्लिसरीन, थोडं गुलाबजल, आणि तो गोळा डबीत भरून वरून मलमल ठेवून जुन्या ढब्बू पैशानं दाबायचा. दाबायचा, थांबायचं, परत दाबायचा. मग चाळणीखाली झाकून सावलीत वाळू द्यायचा. मी समोर डाळ निवडत बसायची आणि डाळीतले खडे सोडून सगळं पाहायची.

सासूबाईही तिच्याजवळ येऊन बसायला लागल्या. एकदा त्यांनी डबीचा आरसा मागून घेतला, आ करून आपली दुखरी दाढ त्यात पाहिली, आणि स्वतःच्याच तोंडाला हसल्या. लहानीही हसली. त्या दोघी हसून राहिल्या आणि मी डाळ. एवढ्या वर्षांत या बाईला मी असं हसताना पाहिलं नव्हतं.

एक दिवस माझी धाकटी पोरगी तिच्यापुढं जाऊन बसली आणि नाकाला पावडर लावून घेऊन माझ्याकडे नाचत आली. गुलाबजलाचा वास येत होता. माझा हात पदराकडे गेला. गेला तो तिथंच थांबला. दया आली असं काही नाही हो. मला फक्त सासूबाईंसारखं दिसायचं नव्हतं.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. डबी हवी होती. नको कशाला म्हणू? हातात घ्यावी, उघडावी, बंद करावी असं फार वाटायचं, आणि तिला मागणं तर जीव गेला तरी झालं नसतं. पण डबीपेक्षाही एक हवं होतं. सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करावं आणि एकदा नीट पाहावं. बस.

घरात माझा मानाचा असा एकच हक्क होता, तो महालक्ष्म्यांचा. भाद्रपदात आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात. त्यांचे शाडूचे रंगवलेले मुखवटे वर्षभर एका लाकडी पेटीत असतात. सासूबाईंचा हात थरथरायला लागल्यापासून मीच त्या बसवत होते. कोथळ्यांना, म्हणजे मुखवट्यांखालच्या धडांना, पातळं नेसवायची, दागिने घालायचे, मुखवटे चढवायचे, सगळं मी. पेटीची किल्लीसुद्धा माझ्याच कमरेला. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, आता घरात दोघी आहेत. मोठीनं ज्येष्ठा सजवावी, लहानीनं कनिष्ठा.

महाराष्ट्र नवीनच झाला होता तेव्हा. पुरुष ओसरीवर बसून नव्या राज्याच्या, नागपूरची राजधानी गेल्याच्या, मुंबई किती लांब पडते याच्या गोष्टी करत होते. इकडे आत माझं राज्य अर्धं झालं, त्याचं कोणाला काय.

मी ज्येष्ठेला हिरवं पातळ नेसवलं. निऱ्या अशा बसवल्या की बोट ठेवायला जागा नाही. वळून पाहते तर लहानी कनिष्ठेच्या तोंडापुढं डबी उघडून बसलेली. मी मनात म्हटलं, आता बरी सापडली, उष्टी पावडर देवीला! पण ती तयारीची. तिनं आदल्या दिवशीच डबी घासून, सोवळ्यात नवी पावडर दाबून, नवं फडकं शिवून ठेवलं होतं. सासूबाईंना विचारूनही घेतलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. त्या मुखवट्यांचा रंग किती वर्षांचा, समईच्या धुरानं काळवंडलेला. तिनं गालावर दोनदा फडकं थापलं आणि कनिष्ठा अशी दिसायला लागली की आत्ता बोलेल.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या त्या सगळ्या कनिष्ठेपुढं. माझ्या निऱ्यांकडे कोण पाहतं? गल्लीतली एक म्हातारी होती, कुलाचारातलं काही अडलं की सारी गल्ली तिलाच विचारायची. ती दोघींकडे आळीपाळीनं पाहून म्हणाली, यंदा ज्येष्ठा रुसल्यासारखी दिसते. बायका हसल्या. तेच हसू, त्याच बायका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरणावरणाच्या स्वयंपाकाआधी, मी लहानीपाशी गेले. अपमान गिळून गेले. म्हटलं, माझ्या ज्येष्ठेलाही लाव. तिनं डबी माझ्यापुढं धरली. "तुमीच लावा नं जाऊबाई, तुमची ज्येष्ठा हाय ते."

अशी डबी माझ्या हातात आली. मला वाटली होती त्यापेक्षा जड होती. तिच्या हातानं जराशी कोमट झालेली. कळ कुठं आहे ते मला शोधावं लागलं नाही, इतके महिने पाहत होते. टक्. मी ज्येष्ठेच्या कपाळाला लावली, गालांना लावली, नाकावरचा टवका उडाला होता तिथं दोनदा लावली. आरशात माझं तोंड पाहावं असं फार मनात आलं, पण आरसा एवढासा आणि देवीपुढं वाकलेली मी. त्यात ज्येष्ठेचा एक डोळाच तेवढा दिसला. ज्येष्ठा खरंच खुलली. त्या दिवशी रुसल्यासारखी दिसते असं कोणी म्हटलं नाही, म्हातारीनंही नाही.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. दागिने उतरवले, मुखवटे उतरवले, वर टांगलेला फुलोरा खाली घेतला. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर पिठाचे तळलेले जिन्नस बांधतात. करंज्या, पापड्या, आणि देवीच्या शृंगारासाठी पिठाचीच वेणी, पिठाची फणी, पिठाचा करंडा, पिठाचा आरसा. नंतर ते सगळे प्रसाद म्हणून मोडून खातात. तर फुलोऱ्याची टोपली भरत होतो आणि लहानीनं आपली डबी उचलून कमरेला खोचली. म्हातारीनं पाहिलं.

"ते कुठी नेतं व?" म्हातारी म्हणाली. "देवीच्या नावानं केली, देवीच्या तोंडाले लागली. आता ते देवीची झाली. माणसाच्या तोंडाले लावतं काय?"

लहानीनं सासूबाईंकडे पाहिलं. जुनी, रोजची पावडर लावली असती तर उष्टी म्हणून बोलणी खाल्ली असती, पण डबी तरी वाचली असती. एवढं सोवळं पाळून नवी केली, म्हणून तर ती देवीची ठरली. सासूबाई म्हणाल्या, पेटीत ठेव. लहानीनं कमरेची डबी काढली, लाल खणात गुंडाळली आणि दोन मुखवट्यांच्या मधे ठेवली. तिची बोटं खणावरून लवकर निघेनात. मी झाकण लावलं आणि किल्ली फिरवली.

मला आनंद झाला. झाला म्हणजे काय, उकळ्या फुटल्या. त्या दिवशीचं उरलेलं पुरण मी दोन वेळा वाढून घेतलं. मला नाही तर कोणालाच नाही, हा न्याय मला फार आवडला.

पण ती मजा पुढच्या बाजारापर्यंतच टिकली. भाऊजी दुकानाचा माल आणायला खामगावला गेले आणि येताना लहानीसाठी नवी डबी घेऊन आले. गुलाबी प्लास्टिकची, आरसा असलेली. तिनं त्याच दुपारी मलमल काढली, ढब्बू पैसा काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत खिडकीपाशी. मी इकडे किल्ली कमरेला घेऊन पहारेकऱ्यासारखी फिरतेय, आणि तिचं काही अडलंच नाही! फक्त एकदा पावडर लावता लावता म्हणाली, हिचा आवाज येत नाही व जाऊबाई, तिचा टक्कन यायचा. मी म्हटलं, हो का. मला माहीत नव्हतं जसं काही.

आणि सासूबाई, त्या अजूनही तिच्याचजवळ जाऊन बसत. मी म्हटलं, डबी गेली तरी कौतुक काही गेलं नाही. म्हणजे मी एवढे महिने ज्यावर जळले ते डबीत नव्हतंच. हे कळल्यावर तर मी जास्तच जळले, कारण त्याला कुलूप कसं लावणार?

वर्ष फिरलं, परत भाद्रपद आला. पेटी उघडली, खण सोडला. डबीतली पावडर सुकून तडकली होती. लहानीनं सोवळ्यात पुन्हा नवी भरली. या वेळी मी कोणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. आधी माझी ज्येष्ठा, मग तिची कनिष्ठा. हळदीकुंकवाला म्हातारीही आली, दोघींना पाहून मान डोलावली, आणि तीन दिवस पार पडले.

विसर्जनानंतर सासूबाई पाटावर बसल्या आणि फुलोरा मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवायला लागल्या. पोरांना करंज्या, म्हातारीला वेणी. लहानीला फणी मिळाली, मला पिठाचा आरसा. मी तो खाऊन टाकला आणि पेटी जवळ ओढली. मुखवटे ठेवले. डबीसाठी हात पुढं केला, तर ती सासूबाईंनी हातात घेतलेली. त्या तिच्याकडे पाहत होत्या. मग टोपलीत उरलेल्या फुलोऱ्याकडे पाहिलं. मग म्हातारीला म्हणाल्या, "देवीचा आरसा आपण मोडून खातो नं? मंग ह्या डबीचा परसाद काऊन नाही?"

म्हातारीच्या तोंडात वेणी होती. तिनं नुसती मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच ठाऊक.

"मोठे," सासूबाई म्हणाल्या, "इकडं ये. बस."

मी बसले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे फिरवलं. टक् झालं. माझे डोळे आपोआप मिटले, आणि खरं सांगते, मी पदराचीच वाट पाहत होते. ती खरबरीत कड आता गालावर येणार. पण आलं ते फलालीन. त्यांचा हात थरथरत होता म्हणून पावडर जरा कपाळावर सांडली, जरा नाकावर. थापायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्या लेप दिल्यासारखं घासत होत्या. पावडर हळदीची, माझ्या रंगावर पिवळट दिसली असणार. मी डोळे उघडले तेव्हा त्या माझ्याकडे पाहत होत्या. नीट.

नाकावर फार झालीय असं वाटलं म्हणून मी पुसायला हात वर नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. देवीची हाय. आता कोनी पुसत नाही."

बायका होत्या तिथं, त्याच सगळ्या. कोणी हसलं नाही.

लहानी तोवर पुढं सरकून माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली होती. तोंड वर केलेलं, डोळे अर्धे मिटलेले, आता आपली पाळी म्हणून. सासूबाईंनी डबी टक्कन बंद केली आणि माझ्या हातात दिली, पेटीत ठेवायला.

"आत्याबाई, मले?" लहानी म्हणाली.

"तुले तं रोजचंच हाय," सासूबाई म्हणाल्या आणि टोपली घेऊन उठल्या.

लहानी हसली. ते हसू मला बरोबर ओळखू आलं. वर्षभर चुलीपाशी मी तेच तोंडदेखलं हसत होते. मी डबी खणात गुंडाळली, मुखवट्यांच्या मधे ठेवली, किल्ली फिरवली आणि स्वयंपाकाला लागले. चुलीचा जाळ, घाम, पावडर गालावरून ओघळून मानेपर्यंत आली. लहानी दोनदा म्हणाली, जाऊबाई, तोंड धुऊन घ्या, वघळ आले. मी म्हटलं, राहू दे.